गंधकानं नाक खाल्लेल्या माळ्याची बाग

माझं नाव भानुदास, जातीनं माळी, आन् माळ्याच्या पोटी जन्म घिऊन बी मिसरूड जाड हुईस्तवर म्या फुलाचं एक झाड लावलं न्हवतं, हे आदीच सांगून टाकतो, म्हंजी फुडं बागेचं ऐकून तुमी मला कुणी मोठा बागवान समजायचा न्हाईत. आमच्या घरी फूल म्हणलं की वांग्याचं, मिरचीचं, न्हायतर कांद्याचा गोंडा. फूल दिसलं की आई खूश व्हायची, पर ती आता फळ धरणार म्हणून. देवाला काय, तर बांधावरच्या तरवडाची पिवळी फुलं, देव बिचारा कवा तक्रार करत न्हवता. तेरखेड्याच्या अलीकडं आमची वाडी, हिरीखालचं थोडकं रान, बाप म्या लहान असतानाच गेला. निजामाचं राज गेलं, चावडीवर झेंडा लागला, लोक म्हणाले आता समदं बदलणार, आन् आमच्यात येवढंच बदललं की आईनं मला तेरखेड्याला दारूकामाला धाडलं. दारूकाम म्हंजी प्यायची दारू न्हवं बरं का, शोभंची दारू, बाण, चंद्रज्योती, भुईनळं, लग्नात, जत्रंत उडती ती.

तिथं आमचे उस्ताद दादामियाँ. म्हातारा माणूस, दोन बोटं अर्धीच, पर त्या अर्ध्या बोटांनी अशी वात वळायचे की दहा बोटवाल्यांनी बघत ऱ्हावं. काम गंधकाचं, शोऱ्याचं, कोळशाचं. दिवसभर गंधक कुटायचा, चाळायचा, नाकातोंडात पिवळी भुकटी. आन् दारूच्या छपरात दिवा लावायचा न्हाय हा पहिला कायदा, त्यामुळं ऊन खाली आलं की काम बंद, आन् म्या पायी घरी पोचायचो ती दिवेलागणीला. ही दिवेलागण ध्यानात ठिवा, तिनंच मला बुडवलं. तर एकदा आई तिच्या म्हायेराला गेलती, परत आली आन् उंबऱ्यातच पदर नाकाला लावून हुबी. म्हणली, भान्या, घरात काय मेलंय रं? म्या म्हणलो, काय न्हाय, झकास हाय समदं. कणगीमागं घूस मरून पडलेली, फुगलेली, आन् म्या तिच्याशेजारी वाकळ टाकून मजेत झोपत हुतो. उस्तादांना सांगितलं तर ते म्हणले, बेटा, ये धंदा पहले नाक खाता, फिर उंगलियाँ, फिर आदमी. तेरा नाक गया, सस्ते में छूटा. मला बी ते पटलं. नाकाचं काय काम असतं वो माणसाला, चष्मा त्या वक्ताला लागत न्हवता.

नाकाचं काम काय असतं ते तुळजापुरात कळलं. लग्नसराईत तिथल्या एका बड्या घरची दारू उडवायची सुपारी उस्तादांकडं आली. मोटारवाले दारूच्या पेट्या घेत न्हाईत, तवा बैलगाडीनं मजल दरमजल करत गेलो. दारू उडायला येळ हुता, उस्ताद म्हणले जा, गाडीच्या बैलांना बी दोन माळा आण, त्यांनी बी लगीनच ओढून आणलंय. देवळाकडं उतरणाऱ्या गल्लीत मारुतीराव माळी म्हणून एकाचं फुलाचं दुकान, लोक त्यांना फुलारीच म्हणायचे. दुकानात त्यांची पोरगी सरू माळा ओवत बसलेली. एकुलती एक, आई माघातच वारलेली. आता पोरगी कशी हुती ते मला इचारू नका, ती आत भाकरी करतीया आन् तिला ऐकू चांगलं येतं. येवढंच सांगतो की म्या गिऱ्हाइकांच्या गर्दीतनं बाजूला झालो आन् तिच्याच समोर जिथं मोकळी जागा घावली तिथं हुबा राहिलो, छाती भरून वास घेतला आन् म्हणलो, व्वा, काय घमघमाट सुटलाय. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं बघितलं, आन् म्हणली, जरा लांब हुबं ऱ्हावा, तुमच्या अंगाला जळका वास येतोय.

तिथं मला काय झालं कुणास ठाऊक. म्या म्हणलो, हा कामाचा वास हाय, घरी आमची बाग हाय, समदी वासाची फुलं. मारुतीराव लगीच वळले, म्हणले, माळी का? काय काय हाय बागेत? आता पाण्यात पडलो तवा हातपाय मारणं आलं. जाई म्हणलो, जुई म्हणलो, मोगरा, केवडा, चाफा, आरतीत न् लग्नातल्या गाण्यात जेवढी नावं ऐकली हुती तेवढी समदी सांगितली. कमळ बी सांगितलं. काय सांगू तुमाला, आमच्या वाडीत उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, आन् म्या तुळजापुरात कमळं लावून मोकळा.

घरी आलो, आमच्या चुलत्यांना, तात्यांना, पाठवलं मागणी घालाया. ते परत आले, पाणी प्याले, म्हणले, पोरीची आई गेलीया, वरीसभर त्यांच्या घरात कार्य न्हाय. फुडच्या सालच्या भादव्यात मारुतीराव सोता घर बघाया येणार. घर बघणार आन् ती बाग बी बघणार. मग तात्या मला म्हणले, भान्या, कुठली रं बाग?

तवा लागलो कामाला. येक खोटं झाकाया माणूस दुसरं खोटं बोलतो, म्या हुशार, म्या ठरवलं की खोटंच खरं करायचं. घराच्या मावळतीला मिरचीचं एक वावर हुतं, आईच्या शिव्या खात ते मोकळं केलं. ईट गावात एका मास्तरांच्या अंगणात जुईचा मांडव हुता, तिथनं फांद्या आणल्या. सोनारीला भैरोबाच्या दर्शनाला गेलो, तिथल्या एका माळणीकडनं गुलछडीचं कंद आणलं, तुमी ज्याला निशिगंध म्हणता ते. रातराणी एका कचेरीतल्या चपराशानं दिली, वर सांगितलं की हिला साप येतेत, म्या म्हणलो येऊ द्या, सासरा येण्याशी मतलब. पारिजातकाचं रोप आईनं तिच्या म्हायेरातनं आणलं, पर ते मला काय आवडलं न्हाय, मरतुकडं, खरबरीत पानाचं, म्हणून पार मळ्याच्या कोपऱ्यात खड्डा दाखवला.

आता लावायचं ते वासाचं, आन् नाक तर मेलेलं. मग आईचं नाक वापरायचं ठरलं. रोज दिवेलागणीला घरी आलो की पहिलं काम ते, आईला हाताला धरून झाडापाशी न्यायचं आन् म्हणायचं, आई, हुंग. कसा हाय? ती म्हणायची, बरा हाय. बरा म्हंजी? बरा म्हंजी बरा, वासाला काय शिंगं असतेत व्हय. अशानं मला काय कळंना. मग एक तोड काढली. आमची जिंदगी मिरचीत गेलेली, म्या म्हणलो, आई, मिरचीच्या हिशेबानं सांग. ते तिला झटक्यात जमलं. जुई हुंगली, म्हणली, हिरवी मिरची, कवळी. गुलछडी म्हंजी दह्यातली मिरची, जिभंवर रेंगाळणारी. आन् रातराणी हुंगली, डोळं मिटलं, दोन पावलं मागं सरली, म्हणली, ठेचा. म्या म्हणलो, ठरलं. ठेचा दारात लावायचा. वसरीच्या दोन्ही अंगाला रातराणी, खिडकीखाली रातराणी, उरलेली वाटंवर. गावठी गुलाब बी आणला हुता, पर सांच्यापत्तुर उन्हानं त्याच्या पाकळ्या झडलेल्या असायच्या, आई म्हणली नुसतं काटं हायत, तवा तो शेळीला घातला. शेळीला आवडला. मरवा आणला, आईला लई आवडला, तर म्या म्हणलो पाल्याला कुणी फूल म्हणतं व्हय, टाकून दिला. मोगऱ्याची गंमत तर इचारूच नका. आमच्या दारूत शोरा पडतो, तो झाडालाबी चालतो, जुन्या भित्तीच्या खारानं वेल माजतो तसं. उस्तादांना इचारून थोडा आणला, जुईला चिमूट घातला, जुई सरसर वर गेली. म्या म्हणलो चिमटीनं येवढं तर मुठीनं किती. मोगरा हुबा जळाला. वात न लावता जळालेलं ते माझ्या हातचं एकलंच काम, उस्ताद आठवडाभर हसत हुते.

पर बाग झाली बरं का. दुसऱ्या भादव्यापत्तुर जुईनं मांडव भरला, गुलछडीच्या दांड्या सरळ हुब्या, रातराणी खिडकीच्या वर. एक कमळ तेवढं ऱ्हायलं.

मारुतीराव आले ते दुपारी, उन्हाच्या भरात. पांढरा पटका, काखंत छत्री. त्या दिवशी म्या कामाला सुट्टी मारलेली. पाणी झालं, गूळ झाला, म्या म्हणलो चला मामा, बाग बघा. सासऱ्याला मामा म्हणायची घाई लग्नाच्या आदीच झालेली. फुडं म्या, मागं ते. जुईपाशी थांबले, एक मुकी कळी बोटानं फिरवली. गुलछडीपाशी थांबले, तोंड थोडं उतरलं. रातराणी बघितली आन् तोंड पारच उतरलं. म्या म्हणलो, घ्या की मामा वास, लाजू नका. ते म्हणले, आत्ता कुठला वास, ही समदी झाडं सांच्यापारी फुलणारी. म्या आईकडं बघितलं. आई म्हणली, खरं हाय, दिवसा काय येत न्हाय. म्या म्हणलो, मग आजवर बोलली का न्हाईस? तर म्हणली, तू मला इचारायचास कवा, रोज दिवेलागणीला, तवा येत हुता.

आता माझ्या डोसक्यात उजेड पडला, म्हंजी मला वाटलं उजेड पडला. पावण्याचं तोंड का उतरलं, तर वास न्हाय म्हणून. मग पावण्याला दिवेलागणीपत्तुर थांबवलं पायजे. ते तर निघायच्या गडबडीत, मोटार चुकंल म्हणले. म्या काय केलं, त्यांची एक वहाण उचलली आन् कडब्याच्या गंजीत खुपसली. एकच. दोन्ही न्हेल्या तर चोरी वाटती, एक न्हेली तर कुत्रं. मग वाडीतली समदी कुत्री आमी हुडकली, म्या सगळ्यात फुडं, मारुतीराव एका वहाणंवर अंगणात बसलेले. मोटार गेली. आई म्हणली, आता जेवूनच जावा पावणं, उद्या सकाळी मोटार हाय.

आन् दिवं लागलं. वसरीवर घोंगडं टाकलं, मारुतीराव टेकले, मागं खिडकी, खिडकीखाली ठेचा. मला कळायचं कारण न्हवतं, पर त्यांच्या तोंडावरनं कळलं की सुटला. पहिल्यांदा त्यांनी पटक्याचं टोक नाकाला लावलं. मग जागा बदलली, तर तिकडनं जुई. म्या छाती फुगवून इचारलं, कशी काय रातराणी, मामा? ते म्हणले, तुमाला कशी वाटती? म्या म्हणलो, ठेच्यासारखी. त्यांनी पटक्याचं टोक नाकावरनं काढलं. मग म्हणले,

भानुदास, माझी पोरगी पाळण्यापासनं फुलाच्या ढिगात वाढली. तिला वास सोसत न्हाय. नवरात्रात डोक्याला फडकं आवळून माळा ओवती. येताना मला म्हणली, आबा, तो माणूस बागेचं खोटं बोलला असंल. खोटं निघालं तर सुपारी फोडून या. खरं निघालं तर नुसतं जेवून या.

आन् ते जेवून गेले. सकाळी वहाण घावली म्हणून म्या गंजीतनं काढून दिली, त्यांनी ती झटकली, त्यातलं कडब्याचं पान काढलं, माझ्या हातात ठिवलं आन् मोटारीकडं चालायला लागले.

तुमी हसताय, हसा. जिंदगीत येवढी खोटं बोललो, समदी तशीच सोडून दिली, आन् जे एक सोडायला पायजे हुतं तेच घाम गाळून खरं केलं. आईनं बी तेच म्हणलं, जरा येगळ्या शब्दात. म्या कुदळ उचलली, म्हणलो समदं उपटतो. तर आई आडवी आली, गौरी तोंडावर आल्यात, फुलतं झाड उपटायचं न्हाय, उपटायचंच तर तुझी जीभ उपट. कुदळ ठिवली. दोन दिवस दारूकाम केलं, एक चंद्रज्योत उलटी भरली, उस्ताद म्हणले, बेटा, तू छपरात न्हाईस, तुळजापुरात हाईस, तर सगळाच तिकडं जा, न्हायतर आमाला उडवशील.

तसाच उठलो, छपरातनं सरळ मोटारीवर. अंगावर कामाचीच कापडं, मोटारीत शेजारचा माणूस का उठला ते मला मागनं कळलं. दुकानापाशी गेलो, मारुतीराव गिऱ्हाईक बघत हुते, सरू डोक्याला फडकं बांधून ओवत हुती. म्या तिला न्हाय, त्यांनाच म्हणलो, पर तिला ऐकू जाईल असं म्हणलो. मामा, बाग न्हवती. तुमच्या दुकानात खोटं बोललो, ते झाकाया केली. आन् मला वास येत न्हाय. फुलाचा न्हाय, कशाचाच न्हाय. तुमची पोरगी न्हाय म्हणली तर तिचं बरोबर हाय, पर बागेपायी म्हणू नका, त्या बागेत माझं काय न्हाय, नाक आईचं हाय.

मारुतीराव काय बोलायच्या आत सरूच बोलली, सुई न थांबवता. म्हणली, वास येत न्हाय हे मला पहिल्याच दिवशी कळलंय. तुमी शिळ्या, कुजक्या माळांच्या ढिगात पाय रोवून हुबं हुता आन् व्वा म्हणत हुता.

मारुतीराव असे हसले की गिऱ्हाइकाचा हार हातातनं सुटला. मग तिनं इचारलं, दारात काय लावलंय? म्या म्हणलो, रातराणी. ती म्हणली, ती काढा. वारं कुठनं येतं तुमच्यात? मावळतीकडनं. मग बाग घराच्या उगवतीला न्या, वास फुडं निघून जाईल. अजून काय हाय? म्या घाबरतच म्हणलो, एक पारिजातक हाय, मरतुकडा, कोपऱ्यात. तवा तिची सुई थांबली. म्हणली, तो दारात आणा. म्या म्हणलो, त्याला बी वास असतो म्हणतेत. ती म्हणली, असू द्या. तो आमी दुकानात इकत न्हाय. तोडायचा न्हाय, ओवायचा न्हाय, सकाळी भुईवर पडंल तेवढा वेचायचा. तेवढंच एक फूल हाय ज्याच्यासाठी माझं बोट कवा टोचलं न्हाय.

म्या म्हणलो, बरं, आता जातो, आंघोळ करून सुपारीला येतो, अंगाला गंधकाचा वास येत असंल. तर म्हणली, नगं, बसा तसंच. ह्या सगळ्या गल्लीत तेवढाच एक वास बिनफुलाचा हाय.

माघात लगीन झालं. उस्तादांनी फुकट दारू उडवली, म्हणले, नाक गया तो क्या हुआ, घर तो आया. बाग मुळाच्या मातीसगट हलवली, निम्मी जगली, निम्मी मेली, जगली ती माजली. उगवतीला बांधापलीकडं धनगराचा वाडा हुता, समदा वास तिकडं. तो म्हणायचा, भानुदासा, तुझ्यापायी माझी मेंढरं नवरीवाणी वास मारत्यात, बाजारात लोक हुंगून बघतेत. रातराणी मात्र धनगरालाबी सोसवंना, ती गेली ती गेलीच. फुडं म्या दारूकाम सोडलं आन् फुलातच पडलो. कळ्या मोटारीनं तुळजापूरला मामांच्या दुकानात जायच्या. कुठलं झाड किती लावायचं, कवा छाटायचं, कळी कवा तोडायची, समदं सरू ठरवायची, वाऱ्याच्या वरच्या अंगाला हुबी राहून, हात करून. लोक म्हणायचे माळणीचं नाक लई तेज. म्या म्हणायचो, व्हय, ती दोघांचं वापरती.

आता उस्ताद न्हाईत, आई न्हाय, मामा न्हाईत. पारिजातक मातूर दारात हाय, खोड बघा, मांडीयेवढं झालंय. रोज सकाळी ती भुईवर बसून वेचती, म्या पाय पडू नये म्हणून कडंकडंनं जातो. आन् एक इपरीत झालंय. वय झालं तसं तिचं डोकं दुखायचं कमी झालं, का नाक मंदावलं, ते ती सांगत न्हाय. पर दर साली पावसाळ्यात जुईची एक फांदी घराच्या जरा जवळ रोवली जाती. म्या काय इचारलं न्हाय. आता ही बघा, पार वसरीच्या खांबावर चढलीया.

परवा सांच्यापारी दोघं हितंच बसलो हुतो. माझं डोळं आता अंधुक, नाकाचा तर इषयच न्हाय. ती म्हणली, आज जुई लई फुललीया, न्हाय? म्या छाती भरून वास घेतला, म्हणलो, व्हय गं, काय घमघमाट हाय, नुसती हिरवी मिरची. ती म्हणली, दुपारीच समद्या कळ्या तोडून मोटारीवर धाडल्यात, वेलावर एक ठिवली न्हाय. आन् पदर तोंडाला लावून हसत बसली. इतकी वर्षं झाली, मला फसवायचा तिला कटाळा न्हाय आन् मला फसायचा न्हाय. देवानं येवढं दिलं, अजून काय पायजे.

चला, तुमी बी उठा, मोटार चुकंल. तुमच्या वहाणा हायत जागेवर, बघून घ्या. ही थोडी फुलं न्या घरी, कशी हायत ते मंडळींना इचारून कळवा. मला इचारू नका, म्या चांगलीच म्हणणार.